सहासष्ट मीटर

चूल हे त्या बेटाचं खरं नाव नव्हे. नकाशावर त्याला नुसता एक आकडा होता. पण बोटीतून पाहिलं की तीन काळी शिखरं चुलीच्या दगडांसारखी दिसायची आणि मधून वाफ निघत असायची, म्हणून आम्ही मराठी माणसं त्याला चूल म्हणायचो. जवळची जमीन बोटीनं सहा दिवसांवर. बेटावर माणसं बासष्ट, झाड एकही नाही.

मी तिथं कोअर शेडमध्ये होतो. रिग जमिनीत भोक पाडते तेव्हा मनगटाएवढी जाड दगडाची कांडी वर येते, तिला कोअर म्हणतात. ती उचलायची, पेटीत ओळीनं लावायची आणि किती मीटरवरून आली ते पेटीवर लिहायचं. हे काम मी चाळीस वर्षं केलं. त्यातली पहिली वीस वर्षं मला आकडे सोडून दुसरं काही लिहिता येत नव्हतं, पण माझी पेटी कधी चुकली नाही.

शेडच्या भिंतीवर दोन कागद होते. एकावर लिहिलं होतं, ‘कोअर धुऊ नये. कोरड्या ब्रशने साफ करावी.’ दुसऱ्यावर, ‘प्रत्येकाला दिवसाला आठ लिटर पाणी.’ दोन्ही मी स्वतः वाचले होते. अडचण वाचण्याची नव्हती. मी ते दोन कागद मनात एकमेकांना जोडले. बेटावर पाणी म्हणजे पावसाचं हौदात साठेल तेवढंच, म्हणून धुऊ नका म्हणतात, असं मी धरून चाललो. कुणाला विचारलं नाही.

माझा बाप जतच्या बाजूला विहिरी खोदायचा. तो म्हणायचा, धूळ अंगावर असलेला दगड खोटं बोलतो. खालून आलेला दगड धुतल्याशिवाय तो मालकाच्या हातात द्यायचा नाही. पुढं जिथं जिथं मी काम केलं, तिथंही कोअर धूतच होते. मग कंपनीचं पाणी नको तर नको, मी माझं वापरलं. आठ लिटरांतलं पाच लिटर दगडांना. अंघोळ सोडली, पंचा ओला करून अंग पुसायचो. दगड धुवायचा, फडक्यानं कोरडा करायचा आणि मग पेटीत ठेवायचा. चारशेबारा पेट्या मी अशा धुतल्या. आणि मनात म्हणत राहिलो, तिमाप्पा धोत्रे अजून कामात कसर ठेवत नाही.

तांब्याचं थोडं सांगायला हवं. तोपर्यंत जगातल्या खाणी हलक्या झाल्या होत्या. हजार किलो दगड फोडावा तेव्हा चार किलो तांबं. आणि तारा तर सगळ्यांनाच हव्या होत्या. अशात कुणीतरी सिद्ध केलं, की निजलेल्या ज्वालामुखीच्या पोटात दोन किलोमीटरवर तांबं आयतं विरघळलेलं आहे. वितळलेल्या खडकातून पाणी सुटतं. त्यातली वाफ वर निघून जाते आणि मागं राहतं दाट, खारं पाणी. स्पंजात पाणी राहतं तसं ते खडकाच्या बारीक छिद्रांत धरून बसतं, आणि त्यात तांबं असतं. मग डोंगर कशाला फोडायचा? नळी घालायची आणि ओढून घ्यायचं.

फक्त ते पाणी साडेचारशे अंश तापलेलं असतं. वरच्या खडकाच्या भेगा मोकळ्या असतील तर दाब शेकडो वर्षांत हळूहळू निघून गेलेला असतो, भीती नसते. भेगा बुजलेल्या असतील तर तो कुकर. आणि त्या बुजतात त्या बहुतेक मिठानंच. खारं पाणी भेगेतून वर चढतं, निवतं, आणि हंड्याला क्षार धरतो तसं मीठ भेगेत धरतं. एवढ्या उष्णतेत खाली सोडलेली यंत्रं जळून जात. म्हणून भेगेत काय आहे, याला साक्षीदार एकच, वर आलेली कोअर. ती ‘वाचक’ नावाच्या यंत्राखालून जायची आणि यंत्र भेग न् भेग मोजायचं.

वाचकानं सांगितलं, भेगा रिकाम्या. मीठ नाही.

मुख्य भूवैज्ञानिक डॉ. ऊर्मिला सबनीस मला म्हणाल्या होत्या, “आण्णा, तुमच्या पेट्या बघायला मजा येते. इतका स्वच्छ दगड मी कुठल्याही बेटावर पाहिला नाही.”

मी लाजलो होतो.

आणि माझी मुलगी रेणुका त्या खोदाईची, आम्ही तिला विहीर म्हणायचो, प्रमुख होती. मला तिनंच तिथं आणलं होतं. दर आठवड्याच्या तक्त्यात एक ओळ असायची, ‘नमुने नियमाप्रमाणे हाताळले का?’ इतर ठिकाणी प्रमुखानं शेडमध्ये जाऊन बघायचं असतं. रेणू माझ्याकडं कधी आली नाही. ती हसून म्हणायची, “बाबांच्या कामावर मी कसली पाळत ठेवू?” आणि हो लिहून टाकायची.

मीठ नाही म्हटल्यावर पुढचं काम सुरू झालं. तापल्या तव्यावर पाणी पडलं की तडा जातो, तसं विहिरीत गार पाणी सोडून खालच्या भेगा रुंद करायच्या. मीठ असतं तर खारवलेलंच पाणी सोडावं लागलं असतं, नाहीतर ते विरघळून खालचा दाब उसळला असता. त्यासाठी मिठाची हजार पोती वर कड्यावर, कॅम्पपाशी आणून ठेवली होती. ती पडून राहिली. हौदातलं गोडं पाणी विहिरीत जायला लागलं त्याला चार दिवस झाले होते, तेव्हा सकाळी बावतीस शेडमध्ये आला.

बावतीस लोपीस वसईचा, डोझर चालवायचा. त्याला डिझेलसाठी पिंप हवं होतं.

“आण्णा, ते कोपऱ्यातलं निळं दे. तू तशी पण अंघोळ करीत नाहीस, तुला पिंप कशाला?”

“घे की. तोंड मात्र लांब धर, तुझ्या वासानं माझे दगड काळे पडत्यात.”

त्या पिंपात मी धुतलेलं पाणी ओतायचो. वर पत्रा घातलेला असायचा. पाणी शेडच्या उकाड्यानं आटायचं, मी पुन्हा ओतायचो. बावतीसनं पत्रा काढला, आत वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग बोट घालून त्यानं चाखलं.

“आण्णा, मिठागर कधी टाकलंस?”

“काय बोलतोस?”

“मीठ हाय हे. माझ्या बापानं जन्मभर हेच ओढलं. हा दाणा बघ, चौकोनी. पण जरा निळी झाक मारतंय आणि जिभेला झोंबतंय. खायचं नाय हे.”

“समुद्राचं उडालं असंल.”

“समुद्र खाली आठशे मीटर. आणि पत्रा कोणी घातलेला? समुद्रानं?”

मी पिंपात पाहिलं. तळाला वीतभर पांढरा थर होता. वीतभर. मी रोज त्याच्यावर पाणी ओतत होतो आणि रोज मला तो गाळ वाटत होता.

नुकतीच आलेली, अजून न धुतलेली एकच कांडी टेबलावर होती. मधून आडवी भेग, पण कांडी सलग. मी ती एका हातानं आडवी धरली आणि दुसऱ्या हातानं मगातलं पाणी भेगेवर सोडलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग हातातलं वजन एकदम निम्मं झालं. पुढचा तुकडा सुटून फरशीवर पडला.

हे मी आधीही पाहिलं होतं. धुताना काही कांड्या हातात सुटायच्या. मला वाटायचं, दगड कच्चा आहे. ते तुकडे पुन्हा नीट जुळवून ठेवायचो आणि पेटीच्या कोपऱ्याला फडक्याची चिंधी बांधायचो, म्हणजे उचलणाऱ्यानं जपून उचलावं.

“बावतीस,” मी म्हणालो, “खाली रेणू हाय.”

विहीर ज्वालामुखीच्या मुखाच्या तळाशी होती, कड्यापासून तीनशे मीटर खाली. तिथं अकरा माणसं. वर यायला रोपवेचा एकच डबा, एका वेळी चार माणसं, खाली जाऊन वर यायला वीस मिनिटं.

सबनीस मॅडम नियंत्रण कक्षात होत्या. मी दोन तुकडे त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सांगितलं. सांगायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी शब्द लागले.

त्या रागावल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “किती पेट्या?”

“समद्या.”

“कागद लावला होता, आण्णा.”

“मला वाटलं पाणी वाचवायला.”

“पाणी...” त्या पडद्याकडं वळल्या. पडद्यावरचा दाब चार दिवस थोडा थोडा चढत होता. काल संध्याकाळी त्याच रेषेकडं बोट दाखवून त्यांनी भेगा छान उघडताहेत म्हणून सगळ्यांना चहा पाजला होता.

“पाणी बंद करा ना,” बावतीस म्हणाला.

“बंद केलं तर नळीतलं गार पाणी उकळून वर फेकलं जाईल. मग तासही मिळायचा नाही. पाणी चालूच ठेवायला हवं, पण खारट. मीठ भरपूर विरघळलेलं पाणी आणखी मीठ विरघळवू शकत नाही. खालचं मिठाचं झाकण आहे तिथंच थांबेल.”

“मग पोती हायत की! हौदात लोटतो.”

“तो एकच हौद आहे, बावतीस. बासष्ट माणसं त्यातलं पाणी पितात. बोट यायला नऊ दिवस आहेत.”

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. “लोटा,” त्या म्हणाल्या. बावतीस धावत सुटला. मग त्यांनी भोंगा वाजवून कड्यावरच्या सगळ्यांना असेल ते पाणी बाटल्यांत भरून घेऊन बोटीच्या धक्क्याकडं चालायला लावलं आणि वॉकीटॉकी उचलली.

रेणूचा आवाज आला, मागं पंपाची घरघर. मॅडमनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “शक्य नाही. बाबा कोअर धुणार नाहीत. तिथं नियम लावलाय.”

मॅडमनी वॉकीटॉकी माझ्या हातात दिली.

“रेणू, मी धुतल्या.”

घरघर ऐकू येत राहिली.

“किती?”

“समद्या. माझ्या वाटणीच्या पाण्यात.”

“मी दर आठवड्याला हो लिहिलंय, बाबा,” ती म्हणाली. एवढंच. मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. “मॅडम, खारं पाणी खाली पोचून झाकणाला धरायला किती वेळ?”

“हौदापासून धरून सत्तर मिनिटं. आणि तोवर पंपाचा दाब हातानं सांभाळायला हवा. वरून चालवायची तार आम्लाच्या वाफेनं खाल्लीय, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. झाकण सत्तर मिनिटं टिकणार आहे का?”

“ते मीठ मुळात किती जाड होतं त्यावर आहे. चार दिवसांत किती गेलं असेल याचा अंदाज करता येतो. पण मुळात किती होतं हे आता कुठल्या यंत्राला विचारू? भेगा सगळ्या धुतलेल्या आहेत.”

“बाबांना विचारा,” रेणू म्हणाली. “बाबा, दगड हातात सुटायला कुठं लागले? कुठून कुठवर?”

मला विचार करावा लागला नाही. पहिली चिंधी अकराशे चाळीस मीटरच्या पेटीला होती, शेवटची बाराशे सहाला. सहासष्ट मीटर. चाळीस वर्षांत माझ्या हातांनी एवढं तरी शिकून ठेवलं होतं.

मॅडमनी माझ्याकडं न बघता वहीवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्या मला वाचता येत होत्या. साठ मीटरच्या वर असेल तर दीड तास. चाळीसच्या खाली असेल तर पाऊण तासही नाही.

सहासष्ट म्हणालो तर रेणू सत्तर मिनिटं पंपावर थांबणार. इतरांना वर पाठवणार आणि स्वतः झाकण धरेपर्यंत थांबणार. मी तिला ओळखत होतो. तीस म्हणालो तर पंप सोडून सगळ्यांबरोबर वर येणार. मग विहीर फुटणार, शेड, कॅम्प सगळं जाणार, आणि धक्क्याकडं चालत निघालेली पन्नास माणसं अजून उघड्या उतारावरच असणार. पण माझी पोरगी वर आलेली असणार.

“बाबा? ऐकू येतंय का?”

तीस. एकच शब्द होता, आणि तो खोटा आहे हे कुणालाही कधी कळलं नसतं.

“बाबा!”

“सहासष्ट मीटर,” मी म्हणालो. “अकराशे चाळीस ते बाराशे सहा.”

“म्हणजे दीड तास,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी श्वास सोडला. “रेणुका, वेळ आहे. तीन फेऱ्यांत माणसं वर पाठव. तू थांब.”

मग रेणू म्हणाली, “डबा खाली सोडा.”

बाहेर बावतीस डोझरनं पोती हौदात लोटत होता. पोती फुटत होती, पाणी दुधासारखं पांढरं होत होतं. मी रोपवेपाशी जाऊन उभा राहिलो.

पहिला डबा वर आला तेव्हा तार कण्हत होती. दार उघडलं आणि आतून सहा माणसं उतरली. चाराच्या डब्यात सहा.

“सहा कशी?” मॅडम ओरडल्या.

“ताईंनी कोंबलं,” एक जण म्हणाला. “म्हणाल्या, दोनच फेऱ्या होणार. आम्ही म्हटलं तार तुटंल, तर म्हणाल्या तुटू दे.”

मॅडमनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली. “रेणुका, दोन फेऱ्या का? झाकणाला वेळ आहे! तू पंप सोडलास तर...”

“पंप बांधून ठेवतेय, मॅडम. जेवढा वेळ चालेल तेवढा चालेल. डबा सोडा.”

“अगं, सहासष्ट मीटर आहेत!”

“डबा सोडा.”

डबा खाली गेला. दहा मिनिटं गेली. मग तार पुन्हा ताणली आणि डबा वर निघाला. त्या दहा मिनिटांत मी कुठल्याही देवाचं नाव घेतलं नाही, मला आठवलंच नाही. दार उघडलं. पाच जण. शेवटची रेणू. भुवया जळाल्या होत्या, ओठ फुटले होते. ती माझ्यासमोरून गेली आणि जीपमध्ये बसली. “चला,” ती म्हणाली, “आत्ताच्या आत्ता.”

आम्ही सगळे जीपच्या टपापर्यंत लटकून निघालो. उतारावर चालणारी माणसं डोंगराच्या मागच्या सोंडेच्या आडोशाला वळत होती. आम्ही त्यांना गाठलं, शेवटची दोन म्हातारी माणसं बावतीसनं उचलून घेतली, आणि आम्ही सोंड ओलांडली.

रेणू वर आल्यापासून बारा मिनिटं झाली होती. मी सहासष्ट म्हटल्यापासून बावन्न. दीड तास व्हायला अडतीस मिनिटं बाकी होती.

आधी पायाखाली हादरा आला. मग आवाज आला नाही, कान नुसते दाबले गेले. सोंडेच्या वरून पांढरा खांब चढत गेला, चढत गेला आणि मग वाकला. कड्यावरची शेड, नियंत्रण कक्ष, हौद, सगळं त्याच्याखाली गेलं. उकळता चिखल पलीकडच्या उतारावरून समुद्रात उतरला. सोंडेच्या अलीकडं फक्त राख पडली, ओली, खारट राख. बासष्ट माणसं मोजली. बासष्ट भरली. मॅडमनी दोनदा मोजली.

बावतीस दगडावर बसून ढसाढसा रडत होता आणि मध्येच हसत होता. “आण्णा, हजार पोती! माझ्या बापानं जन्मात एवढं मीठ ओढलं नसंल!”

मॅडम माझ्यापाशी आल्या. “कुठल्यातरी एका भेगेतून मीठ आधीच निघून गेलं असणार,” त्या हळू म्हणाल्या. “झाकण सहासष्ट मीटर असलं तरी एका जागी भोक पडलं की झालं. हे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. हिशेब माझा होता, आण्णा. तुमचा आकडा नव्हे.”

मी मान हलवली.

रेणू धक्क्याच्या टोकाला एकटी बसली होती. मी गेलो. तिनं सरकून जागा दिली नाही, पण उठलीही नाही. खाली लाटेवर राख तरंगत होती. बोटीला नऊ दिवस होते आणि दोघांच्या मध्ये एक अर्धी बाटली पाणी होतं.

“तुम्ही थांबलात,” ती म्हणाली. “मी विचारलं तेव्हा. घड्याळ माझ्यासमोर होतं. अकरा सेकंद.”

मी लाटेवरच्या राखेकडं बघत राहिलो.

“तुम्हाला आकडा कधी आठवावा लागत नाही, बाबा. लहानपणी मी कुठलीही पेटी विचारायचे आणि तुम्ही ताडकन सांगायचात. आज अकरा सेकंद लागले, तेव्हाच मला कळलं. झाकण जाड होतं म्हटलं की तुमच्या हातून झालेलं थोडं लहान दिसतं. म्हणून मी निम्मं धरलं.”

मी बाटली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“निम्मं धरलं म्हणून अकराही माणसं वर आली,” ती म्हणाली. “पण ते मला सारखं टोचतंय. स्वतःच्या बापाचा शब्द मी निम्मा केला. तुम्ही खरं सांगितलं असेल तर? मॅडम म्हणतात, तसंही असू शकतं.” ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. जळक्या भुवयांनी ती एकदम म्हातारी दिसत होती, माझ्याहून म्हातारी. “पेट्या तर राहिल्या नाहीत. आता विचारायला तुम्हीच आहात. खरं किती होतं?”

मागं कुणीतरी पाण्याच्या बाटल्या मोजत होतं. मॅडमचा आवाज येत होता, माणशी दोन घोट, जास्त नाही.

मला सगळ्या पेट्या दिसत होत्या. अकराशे चाळीसच्या पेटीची चिंधी माझ्या जुन्या धोतराची होती, बाराशे सहाची पंचाची.

“तेहतीस,” मी म्हणालो.

तिनं मान खाली घातली. तिचे खांदे हळूहळू सैल पडत गेले, आणि मग तिनं बाटली उचलून पाणी प्यायलं.